मंगळवारचा ऑर्गन

निवृत्त झालेल्या नवऱ्याने स्वयंपाकघरात उभं राहू नये असा कायदा का नाही, हे मला कोणीतरी सांगावं. बाकी सगळ्याला कायदा आहे. कुत्रं पाळायचं तर परवाना लागतो, धुराडं जरा जास्त धुमसलं तर कौन्सिलचा माणूस दारात येऊन वर बघत उभा राहतो. पण आयुष्यभर बस चालवलेला माणूस एके दिवशी टोपी खुंटीला लावतो आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोच्या पाठीशी उभा राहून ती बटाटे कसे सोलते ते बघतो, त्याला कोणी काही म्हणत नाही.

आमचा क्लिफर्ड बोलत नाही. बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं, त्यात मी कोणाला हार गेलेली नाही. तो नुसता नाकाने श्वास घेतो. साल पातळ निघाली की श्वास छोटा, जाड निघाली की लांब. पहिल्याच आठवड्यात त्याने माझं फडताळ बसच्या डेपोसारखं लावून ठेवलं, म्हणजे जे वारंवार बाहेर जातं ते दारापाशी आणि बाकीचं मागच्या रांगेत. साखर पुढे आली. मोहरी तेव्हा मागे गेली ती मला अजून सापडलेली नाही.

बरं, घरात जे करायला हवं ते करेल तर शपथ. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी वर सरकवून उघडायच्या जातीची आहे. तिच्या आतली दोरी तुटली, तेव्हापासून ती वर राहत नाही, उघडली की धाडकन खाली येते. ही दोरी आमच्या मॉरीनच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तुटली. मॉरीनला आता स्वतःची दोन मुलं आहेत. क्लिफर्ड अधूनमधून खिडकीसमोर उभा राहतो, बोटाने चौकट ठोकतो आणि 'बघायला हवं' म्हणतो. बघितलेलं आहे. त्याच्याइतकी कोणी बघितलेली नसेल.

तर अशा माणसाला देवाने एक जागा दिली होती, ती म्हणजे रीगल ऑर्गन जतन मंडळ.

रीगल हे आमच्या हॅझलब्रिजचं सिनेमागृह. आता तिथे बिंगो चालतो, म्हणजे बायका पुकारलेले आकडे कागदावर खोडत बसतात. सिनेमाच्या काळात मध्यंतरात पडद्यापुढच्या खड्ड्यातून ऑर्गन वर यायचा, त्यावर पांढरा कोट घातलेला माणूस पाठमोरा बसून वाजवत असायचा, आणि वर पोचला की मान वळवून असा हसायचा की गिरणीतल्या अर्ध्या बायकांना तो आपल्यालाच हसला असं वाटायचं. वर येतो ती नुसती वाजवायची पेटी. खरा ऑर्गन भिंतीमागच्या खोलीत, नळ्याच नळ्या, आणि तळघरात त्यांना वारा घालणारा पंखा. सिनेमा बंद झाला, ऑर्गन मुका झाला, आणि तो पुन्हा बोलता करायला तीन माणसं पुढे आली. त्याला नऊ वर्षं झाली.

क्लिफर्ड दर मंगळवारी सकाळी डबा घेऊन जायचा तो संध्याकाळी परत यायचा. येताना पिशवीत काहीतरी घेऊन यायचा आणि ते काहीतरी बुधवार ते सोमवार मागच्या शेडमध्ये घासत बसायचा. ही व्यवस्था मला पूर्ण मान्य होती. ऑर्गन वाजतो की नाही, मी कधी विचारलं नाही. माणूस चर्चला गेला तर देव भेटला का म्हणून आपण विचारतो का.

आणि एका मंगळवारी तो दुपारीच परत आला. मी हॉटपॉटसाठी, म्हणजे मटणाच्या रश्श्यासाठी, बटाटे सोलत होते. तो पाठीशी येऊन उभा राहिला आणि मी मुद्दाम जाड साल काढली तरी श्वासाचा आवाज आला नाही. मी सुरी खाली ठेवली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. बिंगोवर नवा मॅनेजर आला होता, मिस्टर स्टॅनफोर्थ, टोकदार बुटांचा. त्याला खड्डा बुजवून तिथे टेबलं मांडायची होती आणि नळ्यांच्या खोलीत खुर्च्या ठेवायच्या होत्या. मंडळाने विनवण्या केल्यावर त्याने महिनाअखेरीचा रविवार दिला. त्या दुपारी ऑर्गन लोकांसमोर वाजला आणि लोकांना आवडला तर राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल.

'मग वाजवा,' मी म्हटलं.

'तसं नसतं, आयव्ही,' क्लिफर्ड म्हणाला, आणि फडताळाकडे बघू लागला.

तो फडताळाकडे कसा बघत होता ते मी पाहिलं. सातही दिवस माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी टोपी चढवली आणि रीगलला जाऊन सांगितलं की मला मंडळात काम करायचं आहे, फुकट.

मंडळ म्हणजे एका टेबलाभोवती दोन माणसं. अध्यक्ष मिस्टर डेस्मंड पिलिंग, पूर्वी बचत बँकेच्या खिडकीत बसायचे आणि अजूनही समोर काच असल्यासारखे बोलतात. दुसरा विल्फ ऑग्डन, प्लंबर, एका कानाने ठार बहिरा. ऑर्गन वाचवायला निघालेले हे लोक. माझा नवरा तिसरा. मी विचारलं की आजवर किती वाजला. मिस्टर पिलिंगनी घसा साफ केला आणि सांगितलं की सहा जातींच्या नळ्यांपैकी एक जात, म्हणजे लाकडी बासऱ्यांची, जवळजवळ तयार आहे. फक्त कातडी भात्यांचा प्रश्न आहे. प्रत्येक नळीखाली आगपेटीएवढा भाता असतो, त्याचं कातडं वाळून फुटलं आहे, आणि नवं कातडं मेंढीचं असावं की बकरीचं यावर मंडळात तीन वर्षं चर्चा चालू आहे.

'मिसेस एंटविसल,' ते म्हणाले, 'घाई ही ऑर्गनची शत्रू आहे.'

'नऊ वर्षांत माझ्या मुलीने दोन मुलं तयार केली,' मी म्हटलं, 'आणि दोन्ही वाजतात.'

त्यावर विल्फने बहिरा कान माझ्याकडे केला. मी तिथल्या तिथे मेंढी ठरवली, कारण बकरी कुठे मिळते मला ठाऊक नव्हतं, आणि भात्यांची खोकी घरी पाठवायला सांगितली. त्यांनी मला चहाची प्रमुख नेमलं होतं. चहा कुठवर पोचतो याची त्यांना कल्पना नव्हती.

आता आमची पुढची खोली. ती आम्ही पाद्रीबुवा, नाताळ आणि मयत यांच्याखेरीज कोणासाठी उघडत नाही. त्या खोलीत मी आमच्या अल्बर्ट स्ट्रीटच्या बायका बसवल्या, गालिच्यावर वर्तमानपत्रं पसरली आणि सरसाचं भांडं शेगडीवर चढवलं. बायका कातडं कापत होत्या, चिकटवत होत्या आणि जी उठून परसाकडे जाईल तिच्याबद्दल बोलत होत्या, त्यामुळे कोणी उठत नव्हतं आणि काम भराभर होत होतं. मिस्टर पिलिंग एकदा पाहणीला आले. त्यांना भाते दाखवले, आल्याचा केक दिला आणि शाल पांघरून बसलेल्या मिसेस बूथच्या आजारपणाशेजारी बसवलं. पुन्हा आले नाहीत.

सरसाचा वास म्हणजे काय, हे ज्याने तो उकळला त्यालाच ठाऊक. मी क्लिफर्डला म्हटलं, खिडकी उघडी राहील असं काहीतरी कर, नाहीतर बायका भोवळ येऊन पडतील. आणि काय सांगू, त्याने केलं. त्याच दिवशी. बघायला हवं म्हणाला नाही. शेडमध्ये गेला, हातभर लांबीचा एक चौकोनी लाकडी तुकडा घेऊन आला, चांगला पॉलिश केलेला, चहाच्या रंगाचा, आणि खिडकीखाली उभा टेकवला. खिडकी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढच्या खोलीत वारा आला. मी सगळ्यांना तो आधार दाखवला. शेजारच्या नोरा ग्रिमशॉला तर दोनदा दाखवला, कारण तिच्या नवऱ्याने तिची खिडकी खिळे मारून कायमची बंद केली आहे.

नोराबद्दल सांगायला हवं. नोरा सल्ले देते. मी ऑर्गन वाचवते आहे हे तिला सहन होईना, म्हणून तीही वाचवू लागली. मेंढीचं कातडं म्हटल्यावर कसर लागणार, असं तिचं मत पडलं. तिच्या आईच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाला कशी कसर लागली ते आम्ही तिसऱ्यांदा ऐकलं. मी म्हटलं, नोरा, हे भाते कपाटात टांगायचे नाहीत. ती काही बोलली नाही. नोरा काही बोलत नाही तेव्हा तिच्या पिशवीत बघावं, हे मला त्या गडबडीत सुचलं नाही.

मग कौन्सिल. रविवारी लोक जमवायचे तर परवानगी हवी, म्हणून मी टाऊन हॉलमध्ये गेले. पहिल्या खिडकीतल्या पोराने विचारलं, ऑर्गन हा इमारतीचा भाग आहे की सामान. मी म्हटलं, तुमच्याकडे दोन्हींतल्या कशाला लवकर परवानगी मिळते. तो म्हणाला, तसं नसतं. हे वाक्य पुरुषांना कुठेतरी शिकवत असावेत. इमारतीचा भाग असेल तर वरच्या मजल्यावर जायचं होतं, सामान असेल तर आगीच्या खात्यात, आणि तो आवाज करणार असेल तर संगीताच्या बाईकडे. मी म्हटलं, तो आवाज करेल अशी मंडळाला नऊ वर्षं शंका आहे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की खड्ड्यातून वर येतो म्हणजे तो लिफ्टमध्ये मोडतो. लिफ्टचा साहेब जेवायला गेला होता. मी त्याच्या खुर्चीवर बसून राहिले. तो आला आणि मला उठा म्हणायचं त्याला अवघड झालं, कारण माझ्या वयाची त्याला आई होती आणि ती मला ओळखत होती. परवानगी मिळाली. लिफ्टमधून एका वेळी एकच माणूस न्यावा आणि त्याने हात बाहेर काढू नयेत, एवढी अट होती. आता हात बाहेर न काढता ऑर्गन कसा वाजवायचा, हे विचारायला मी थांबले नाही.

वाजवायला मिस्टर सेड्रिक लम यांना आणलं. हे रीगलचे जुने वादक. समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात असतात. ते एका अटीवर आले: वर येताना त्यांचा नेहमीचा वॉल्ट्झ, म्हणजे गिरक्या घेत नाचायची चाल, वाजेल आणि पांढऱ्या कोटाला कोणीतरी इस्त्री करेल. इस्त्री मी केली. वॉल्ट्झ त्यांच्या हातात तरुणपणापासून बसलेला होता, डोळे मिटून वाजवतील, पण त्याच पट्टीत. दुसऱ्या पट्टीत त्यांचे हात आता वळत नव्हते.

रविवारी सकाळी मिस्टर पिलिंगनी मला मोठ्या सन्मानाने भिंतीमागच्या खोलीत नेलं आणि बासऱ्या दाखवल्या. चौकोनी लाकडी नळ्या, उंचीप्रमाणे ओळीने, पॉलिश केलेल्या, चहाच्या रंगाच्या. कुठेतरी पाहिल्यासारख्या वाटल्या. पण माझ्या टोपीला कोळिष्टक लागलं होतं आणि बाहेर कपबशा मांडायच्या होत्या.

हॉल भरला. बिंगोच्या बायका सवयीने आपापल्या टेबलांशी बसल्या आणि सवयीनेच पेनं काढून हातात धरली. मिस्टर स्टॅनफोर्थ पुढच्या रांगेत, पायावर पाय. मी त्यांच्या मागेच बसले, क्लिफर्ड माझ्या शेजारी, नोरा पलीकडे. तळघरात विल्फने पंखा चालू केला.

पहिला आला तो सूर नव्हे. आला तो वास. डांबराच्या गोळ्यांचा. नोराने त्या थेट नळ्यांखालच्या वाऱ्याच्या पेटीत टाकल्या होत्या, हात सैल सोडून, आणि आता भिंतींच्या जाळ्यांतून सगळ्या हॉलवर कपाट उघडल्यासारखी झुळूक आली. लोकांनी आपापले कोट हुंगून पाहिले. काही म्हाताऱ्या एकदम गंभीर झाल्या. आमच्याकडे मयताला जाताना घालायचे कपडे कपाटातून निघतात तेव्हा हा वास येतो. मी नोराकडे पाहिलं. ती म्हणाली, 'कसर तरी नाही ना लागली.'

तेवढ्यात खड्ड्यातून मिस्टर लम वर येऊ लागले. आता खरं सांगते, पांढरा कोट दिसला, बासऱ्यांचा तो गोल गरम आवाज भिंतीतून आला, आणि हॉलभर बायकांनी पेनं खाली ठेवली. ते हळूहळू वर आले, मान वळवली, हसले. माझी इस्त्री अंगावर छान बसली होती. लिफ्टने वर पोचून एक गचका दिला आणि ती मेली. ते आम्हाला मागाहून कळलं, त्यांना तेव्हाच कळलं असावं. तोंडावर काही दाखवलं नाही.

आणि वॉल्ट्झमध्ये भोक पडलं.

एक सूर आलाच नाही. चाल वर चढत गेली, अगदी टोकाशी पोचली, आणि जिथे टोक यायचं तिथे काही नाही. मग पुढून सुरू. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा दम घेतोय. पण चाल फिरून तिथेच आली आणि पुन्हा तिथेच भोक. जिन्याची नेमकी वरची पायरी काढून नेल्यासारखी. मिस्टर स्टॅनफोर्थनी मान तिरकी केली, पायावरचा पाय खाली घेतला. कडेला उभ्या मिस्टर पिलिंगचे कान लाल झाले.

मी क्लिफर्डकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता आणि श्वास घेत नव्हता.

आणि मला माझी खिडकी आठवली.

माझ्या पुढच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या वर, या वॉल्ट्झचा वरचा सूर माझी खिडकी धरून उभा होता. आणि मी तो नोराला दोनदा दाखवला होता.

मिस्टर स्टॅनफोर्थ उठण्याच्या बेतात खुर्चीच्या हातांवर टेकले. चाल पुन्हा वर चढू लागली. मी काही गाणारी बाई नाही. चर्चमध्ये माझ्या पुढच्या रांगेतले लोक जागा बदलतात. पण सोमवारी भंगारवाला येणार होता आणि मंगळवारी क्लिफर्ड माझ्या पाठीशी. भोक आलं, आणि मी पाठ ताठ करून त्या भोकात एक 'ला' टाकला.

हॉल वळून माझ्याकडे बघू लागला. मी समोर बघत राहिले, जणू हे ठरलेलंच आहे.

पुढच्या खेपेला नोरा गायली, माझ्याहून मोठ्याने. माझ्या एकटीकडे लोकांनी पाहावं हे तिला आयुष्यात कधी सोसलेलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या दिवशी प्रथमच देवाचे आभार मानले. त्याच्या पुढच्या खेपेला दोन टेबलं आली. मग सगळा हॉल. आता या बिंगोच्या बायका. एका आकड्यासाठी कान टवकारून तासच्या तास बसायची त्यांची सवय. अडलेलं एक घर कधी भरायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही. चाल चढू लागली की हॉल श्वास धरायचा, आणि भोक आलं की दोनशे बायका एकदम 'ला'. मिस्टर लम हसू लागले. खाली येता येत नव्हतं म्हणून ते वाजवत राहिले, आणि ते वाजवत राहिले म्हणून आम्ही गात राहिलो. कोणीतरी शेवटी बिंगो जिंकल्यासारखं 'हाउस' म्हणून ओरडलं.

मिस्टर स्टॅनफोर्थ मागे वळले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. डांबराच्या गोळ्यांनी असेल, मी त्यात पडले नाही. म्हणाले, ऑर्गन राहू दे, दर रविवारी आकडे सुरू व्हायच्या आधी हेच करायचं; आणि तो गाळलेला सूर, ही कल्पना कोणाची. मिस्टर पिलिंग बँकेतले, प्रामाणिक, तोंड उघडू लागले. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि सांगितलं की मंडळाची, आणि त्यामागे नऊ वर्षांची तयारी आहे.

मिस्टर लमना दोन शिड्या बांधून उतरवलं. चहा दिला. सगळे आनंदात होते, एक मंडळ सोडून. तीन पुरुष कोपऱ्यात कप धरून मयताच्या घरी बसल्यासारखे. मी केक घेऊन गेले तर ऐकू आलं की विल्फ हळूच म्हणतोय, लिफ्टच्या चाकाचा एक दाता त्याच्याकडे घरी आहे, घासायला नेला होता. बहिरी माणसं हळू बोलतात तेव्हा सगळ्यांना ऐकू येतं. मिस्टर पिलिंग कपात बघत म्हणाले, ऑर्गनची झांज त्यांच्या पलंगाखाली आहे. बरीच वर्षं.

मी केक खाली ठेवला आणि क्लिफर्डला कोट घाल म्हटलं.

बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. त्याला खाली बसवत नाही. दुसऱ्याचं चालवणं दिसतं.

'विसरलो नव्हतो,' दोन थांबे गेल्यावर तो म्हणाला. 'नळी मुद्दाम ठेवली होती.'

'ते कळलं.'

'सगळं बसवलं तर मग काय करायचं, आयव्ही? डेस्मंडच्या घरी कोणी नाही. तो दाढीसुद्धा फक्त मंगळवारी करतो. विल्फशी दुसरीकडे कोणी बोलत नाही, बोलून उपयोग नाही म्हणतात.' मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'आणि स्वयंपाकघरात तू मला उभं राहू देत नाहीस.'

मी पर्स मांडीवर सरळ केली. ऑर्गन गेला असता तर हा घरी. ऑर्गन पुरा झाला तरी हा घरीच. महिनाभर सरस उकळून, टाऊन हॉलची खिडकी न्‌ खिडकी पालथी घालून, चारचौघांत 'ला' म्हणून मी कुठे येऊन पोचले होते ते मला दिसलं. आणि हेही दिसलं की जे मला महिनाभरात कळलं नाही ते या तीन म्हाताऱ्यांना नऊ वर्षं कळत होतं. हे मी त्याला सांगणार नव्हते. उतरायचा थांबा आला. मी उठले, दांडा धरला आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हटलं:

'क्लिफर्ड एंटविसल, तू लबाड आहेस, आणि तुझे ते दोघे मित्र तुझ्याहून लबाड. आता माझं ऐक. माझ्या खिडकीला दोरी बसल्याशिवाय ती नळी माझ्या घरातून हलणार नाही. आणि ती दोरी तूच बसवायचीस, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. सवडीने.'